उडतें शून्य

सन १९४२ च्या एप्रिलांत जपानी विमानांनीं कोलंबो व त्रिंकोमाली येथें हल्ले केले. आपल्या विशाखापट्टणवरहि बाँब पडले. त्याच वर्षीं जुलैंत सेवाग्रामच्या कुटींतून महात्माजींनीं जपानी जनतेस उद्देशून 'हरिजन'मध्यें अनावृत पत्र लिहिलें व स्वारी करून आलांत तर येथें स्वागत होणार नाहीं, असें स्पष्ट बजावलें. वर्ध्याच्या आकाशांत तीं विमानें कधीं आलीं नाहींत. परंतु त्यांपैकीं एक जात आजहि उडते, हें ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल.

ती जात म्हणजे मित्सुबिशीचें 'झीरो'. तें १९४० सालीं आरमारांत दाखल झालें. जपानी राजशकाचें तें २६०० वें वर्ष. त्यांतील शेवटचें शून्य या विमानास चिकटलें. जिरो होरिकोशी या यंत्रविशारदानें हलकेपणा हाच मंत्र धरला. वैमानिकाच्या पाठीशीं पोलादी पत्रा नाहीं, गोळीचें भोंक आपोआप बुजविणाऱ्या टाक्या नाहींत. त्यामुळें पल्ला तीन हजार किलोमीटरांवर गेला, वळण विलक्षण चपळ झालें. आणि गोळ्यांचा एक नेमका वर्षाव होतांच विमान पेटूं लागलें. वजनांतील काटकसरीचें देणें वैमानिकानें प्राण देऊन फेडलें.

अशीं दहा हजारांहून अधिक विमानें बांधलीं गेलीं. आज उडूं शकणारीं बोटांवर मोजतां येतील. त्यांत कॅलिफोर्नियांतील चिनो येथील संग्रहालयाच्या विमानाचा मान मोठा. १९४४ सालीं सायपान बेटावर तें अमेरिकनांच्या हातीं लागलें, आणि मूळच्या 'साकाए' एंजिनावर उडणारें एकमेव झीरो म्हणून तें ओळखलें जातें. विमान जपून ठेवावें, उडवून धोक्यांत घालूं नये, असा एक पक्ष आहे. त्यांत तथ्य आहेच. पण मुकें एंजिन पाहून विमानाची अर्धीच ओळख पटते.

दुसरें एक झीरो न्यू गिनींत गंजलेलें सांपडलें. त्याची डागडुजी होऊन, एका जपानी गृहस्थाच्या मालकीनें, २७ जानेवारी १९४५ नव्हे, २०१६ रोजीं तें कानोया येथें उडालें! १९४५ सालीं याच तळावरून आत्मघातकी वैमानिक निघत. त्यांच्या 'ओका' या मानवी बाँबाचा एक नमुना दिल्लीस पालमच्या वायुसेना संग्रहालयांत आहे; परतीची सोयच नसलेलें तें यंत्र पाहतांना मन चरकतें.

कानोयास त्या दिवशीं वैमानिक अमेरिकन होता, एंजिनहि अमेरिकन, प्रॅट अँड व्हिट्नीचें चौदा सिलिंडरांचें. डाकोटा विमानांची एंजिनें त्याच घराण्यांतलीं. १९४९ पासून रात्रीच्या टपालाचीं डाकोटा विमानें चहूं दिशांनीं नागपुरास सोनेगांवीं एकत्र येत व थैल्यांची अदलाबदल करून पहांटेपूर्वीं परत फिरत. तो घरघराट ज्या वृद्धांच्या कानांत अजून आहे, त्यांस कानोयाच्या त्या झीरोचा आवाज परका वाटला नसता.