कच्चे मडके

कुंभाराचे थापटणे आपण पाहिले असेल. लाकडाचे साधे अवजार. तेरच्या गोरोबाकाकांकडे एकदा संतमंडळी जमली होती, अशी कथा वारकरी परंपरेत सांगतात. मुक्ताबाईने विचारले, "काका, हे कशासाठी?" काका म्हणाले, "मडके कच्चे की पक्के, ते याने कळते." "मग आम्हालाही पारखा!" काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारायला सुरुवात केली. सगळे शांत बसले. नामदेव तेवढे संतापले. काकांनी निवाडा दिला, "हे मडके कच्चे आहे."

नामदेवांची भक्ती काही उणी नव्हती. संसारात त्यांचे मन रमत नव्हतेच. पण विठ्ठल माझा, माझ्याशी बोलतो, माझ्या हातचे जेवतो, या 'माझ्या'त 'मी' दडून बसला होता. पैशाची आसक्ती चारचौघांना दिसते. भक्तीची आसक्ती मात्र सद्गुण म्हणून मिरवते. आपणही पूजा करतो, पारायणे करतो. पण देवळात कुणी मान दिला नाही की दिवसभर मन धुमसते. थापटणे तेव्हाच पडलेले असते.

नामदेव तक्रार घेऊन विठ्ठलाकडे गेले, तर त्यानेही काकांचीच बाजू घेतली आणि गुरू करायला सांगितले. औंढा नागनाथला विसोबा खेचर चक्क पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी हटकताच ते म्हणाले, "देव नसेल तिथे तूच माझे पाय उचलून ठेव." नामदेव पाय ठेवायला जातील तिथे पिंडी! 'माझा विठ्ठल' यातला 'माझा' तिथे गळला, विठ्ठल उरला.

पुढे नामदेव पंजाबपर्यंत गेले. तिथले घुमान आजही त्यांची आठवण जपते. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत. देव एकट्याचा राहिला नाही, तेव्हा तो सर्वांपर्यंत पोहोचला.

आणि पंढरपूरच्या महाद्वारातली नामदेव पायरी? संतांची चरणधूळ लाभावी म्हणून नामदेवांनी ती जागा मागितली, अशी श्रद्धा आहे. ज्यांना डोक्यावरची एक थाप सोसली नाही, त्यांनीच संतांच्या पायाखाली जागा मागावी! थापेपासून पायरीपर्यंतची ही वाट म्हणजेच साधना.

आज कुणी टोचून बोलले, तर उत्तर देण्याआधी क्षणभर आपल्याच मडक्याचा आवाज ऐकू या.