माळ्यावरचा तंबोरा

आम्ही दोघी जावा आज तुमच्याशी जुन्या तंबोऱ्याविषयी बोलणार आहोत. तुमच्यापैकी कुणाच्या घरी माळ्यावर, कपाटामागे असा एखादा तंबोरा असेल, तर हे खास तिच्यासाठी.

पंचवटीतला आमचा वाडा पाडून इमारत व्हायची ठरली, म्हणून माळा रिकामा केला. जुन्या नऊवारीत गुंडाळलेला सासूबाईंचा तंबोरा खाली आला. लग्नात माहेरून आणलेला, मिरजेचा. संसाराच्या धबडग्यात गाणं सुटलं आणि तंबोरा वर गेला. जुनं सामान घेणाऱ्याने ‘शोभेला ठेवतात लोक’ म्हणत भाव सांगितला. खरं सांगायचं तर आम्हालाही वाटलं, फ्लॅटमध्ये एवढं धूड ठेवायचं कुठे? सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. पदराने भोपळ्यावरची धूळ तेवढी पुसली. ते पाहिलं आणि आम्ही व्यवहार थांबवला.

मग मिरजेची माहिती काढली. तिथले शिकलगार मूळचे शस्त्रांना धार लावणारे. शस्त्रांचं काम कमी झालं तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, फरीदसाहेबांनी वाद्यं घडवायला घेतली. पुढे घराण्याचं आडनावच ‘सतारमेकर’ पडलं. भोपळे येतात सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. हे भाजीचे भोपळे नव्हेत. कडू, जाड सालीचे, वेलावर पुरते वाढू दिलेले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

आपल्या नाशिकला मिरज काही परकी नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर गाणं शिकले मिरजेत, पुढे नाशकात रामनाम आधार आश्रम काढून राहिले, आणि १९३१ साली त्यांनी देह ठेवला तोही मिरजेतच. तिकीट लावून मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक, हिराबाई बडोदेकर, त्यांचाही जन्म मिरजेचाच, १९०५ सालचा.

आमच्या तंबोऱ्याला नव्या तारा चढवल्या, तर आवाज नुसता टणटण. एकाने सांगितलं, ‘लाकूड मेलंय, टाकून द्या.’ शेवटी मिरजेच्या कारागिरांना दाखवला. ते हसले. म्हणाले, लाकडाला काही झालेलं नाही, जवारी गेली आहे.

जवारी म्हणजे काय, तर तारा ज्या रुंद घोडीवरून जातात, तिच्या पाठीला दिलेला अगदी सूक्ष्म उतार. तार तिथे निसटती टेकते आणि तिच्याखाली सुताचा दोरा सरकवला की तो भरलेला, घुमणारा झंकार निघतो. वर्षानुवर्षं वाजवून तारांनी घोडीत चरे पाडले होते. कारागिरांनी कानशीने घासत, ऐकत, पुन्हा घासत ती पाठ नीट केली. मग चार तारा लावल्या: पंचम, दोन जोड आणि खर्ज. सूत सरकवलं आणि खोली भरून गेली.

म्हणून मैत्रिणींनो, आवाज बसला म्हणजे वाद्य संपलं असं समजू नका. भोपळा तडकला तरी जाणता कारागीर तो सांधतो. घरी सुताराकडून पॉलिश मारून घेऊ नका. रंगाच्या जाड थराने नाद दबतो. कडक ऊन आणि ओल, दोन्हींपासून जपा. बरेच दिवस वाजवायचा नसेल तर तारा थोड्या सैल करा. उचलताना एक हात भोपळ्याखाली, एक दांडीला. भोपळ्याला लागलेला एक धक्का फार महागात पडतो. आणि सगळ्यांत मोठी काळजी म्हणजे, अधूनमधून वाजवा. हल्ली फोनवरही तंबोरा लागतो, त्याची सोय आहेच. पण सूर जुळवताना कान जसा तयार होतो, तसा बटण दाबून होत नाही.

नव्या घरात तंबोरा आता बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात उभा असतो. पहिल्या दिवशी सासूबाईंनी तो मांडीशी घेतला, डोळे मिटले आणि षड्ज लावला. आवाज थरथरला, पण सूर सुटला नाही. लग्न होऊन आल्यापासून आम्ही त्यांच्या हातचं सगळं खाल्लं होतं. त्यांचं गाणं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

तुमच्या घरचा माळा एकदा पाहा. आणि तंबोरा सापडला, तर भाव विचारण्याआधी तो कुणाचा होता, ते विचारा.