विसाव्या लेव्हलच्या पुढे

मुलं सुटीत कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन तासन्‌तास काय खेळतात, ते सांगा, असं रेडिओ केंद्रावरच्या मंडळींनी मला म्हटलं. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला फाशांवर बोलायला बसवलंत, आता घड्याळ तुम्हीच सांभाळा.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो आणला. चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले योद्धे, मांत्रिक, चोर होतात. ‘मी भिंत चढतो’ म्हटलं, की वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि आलेल्या आकड्यात आपल्या कौशल्याचे गुण मिळवायचे. बेरीज पुरली तर चढलात, नाही तर आपटलात. अनुभव वाढतो तशी लेव्हल वाढते, वीसपर्यंत.

मग विसाव्या लेव्हलनंतर काय? त्याचं उत्तर म्हणून 2002 साली एक जाडजूड पुस्तक निघालं, ‘एपिक लेव्हल हँडबुक’. लेखक अँडी कॉलिन्स आणि ब्रूस कॉर्डेल. एका विद्यार्थ्यानं ते आणून दिलं आणि मी कौशल्यांच्या तक्त्यावरच अडकलो. बेरीज 80 झाली तर धबधब्यातून वर पोहत जाता येतं. 90 झाली तर पाण्यावरून चालता येतं. 120 झाली तर ढगावरून! वाचताना मजा येते, खोटं कशाला बोलू. पण फाशाकडे बघा ना. त्याला बाजू वीसच. गाठीशी 99 गुण असले, तर फाशावर वीस पडूनही ढग मिळत नाही. 119 असले, तर फासा टाकायचाच कशाला? वर्गात हे दोनदा सांगावं लागतं, म्हणून इथंही सांगतो: फासा विसाचा, बेरीज शंभरावर. मधे उरलेल्या एकोणीस गुणांतच काय तो खेळ.

लेखकांना हे कळत होतं. विसाव्या लेव्हलला योद्ध्याचे हल्ल्याचे मूळ गुण 20, मांत्रिकाचे 10. तोच वेग पुढे ठेवला, तर चाळिसाव्या लेव्हलला दोघांत अख्ख्या फाशाएवढं अंतर. म्हणून विसानंतर त्यांनी सगळ्यांना सारखीच वाढ दिली, दोन लेव्हलमागे एक गुण. पुस्तकातला सगळ्यात शहाणा नियम हाच. खेळाच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीत तर पहिल्या ते विसाव्या लेव्हलपर्यंत प्रावीण्याचे गुण 2 वरून 6 वर जातात, बस.

फासा पुरता हातात आल्यावर पुढे काय, हा प्रश्न आपल्या विदर्भाच्या जावयाला, नळ राजालाही पडला होता. महाभारताच्या वनपर्वातली गोष्ट. फाशांत राज्य गेलं, बायको दुरावली, आणि नळ बाहुक नावानं ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. कुंडिनपूरच्या वाटेवर ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पानं-फळं नुसत्या नजरेनं मोजतो. नळाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, झाड तोडतो, मोजून पाहतो. आकडा बरोबर! पूर्वी बेहड्याची फळंच फासे म्हणून वापरत, तेव्हा शिकवणीची जागा अगदी योग्य. अश्वविद्येच्या बदल्यात नळाला अक्षविद्या मिळते. लेव्हल चढली म्हणा हवं तर. मग राज्य जिंकून घेतलेल्या भावाशी, पुष्कराशी, दुसरा डाव, आणि एकाच पणात सगळं परत. त्या डावात चुरस काहीच नाही. चुरस पुढे आहे. पुष्करानं प्राण पणाला लावलेले असतात, आणि नळ त्याला सोडून देतो, वर त्याचा वाटाही देतो. फासा मुठीत आल्यावर माणूस काय करतो, तिथं मोठ्या लेव्हलचा खेळ सुरू होतो. ‘एपिक लेव्हल हँडबुक’मध्ये त्याबद्दल सल्ला आहे, पण राक्षसांच्या आणि आकड्यांच्या गर्दीत तो दबून गेलाय.

थोडं रागवू का? पोरं पहिल्याच दिवशी म्हणतात, ‘सर, विसाव्या लेव्हलचं पात्र द्या.’ अरे, पहिल्या लेव्हलला एका घावात मरण्याची भीती असते, ती अनुभवा की आधी! बेरजा तोंडी करा, मोबाईल खिशात ठेवा.

नवे मंत्र स्वतः रचायची पद्धतही पुस्तकात आहे. ती किचकट आहे आणि काचेपलीकडून खूण झालीच. पालकहो, मुलांना फासे जरूर घेऊन द्या. हे पुस्तक मात्र वीस लेव्हल खेळून झाल्याशिवाय घेऊ नका.