हजेरीपटावरचे एकसष्ट

(दहावीचा निरोप समारंभ आणि माजी विद्यार्थी मेळावा या संयुक्त कार्यक्रमात केलेले भाषण)



निरोप समारंभ आणि मेळावा एकाच मांडवात घ्यायचं ठरलं, तेव्हा संयोजकांनी मला भाषणाला विषय दिला, 'मागे वळून पाहताना'. त्याबरोबर एक कामही दिलं. म्हणाले, 'तू कॉम्प्युटरवाली, आपल्या बॅचची यादी तू कर.' गेले तीन महिने मी ती यादी करते आहे. मागे वळून जे दिसलं ते सगळं त्या यादीतच दिसलं, म्हणून मी आज तिच्याबद्दलच बोलणार आहे.

पहिल्यांदा मला मिळाला तो मार्च १९९६ च्या निकालाचा कागद. उत्तीर्ण विद्यार्थी ३४. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ३३ जण आहेत, आणि चौतिसावा मित्र अजून साधा फोन वापरतो. म्हणजे यादी तयारच होती म्हणायची. पण वर्गात एका बाकावर आपण तिघं-तिघं बसायचो आणि तरी मागे काही मुलं सतरंजीवर असायची, हे तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. ३४ मुलांसाठी एवढी दाटी कशाला झाली असती?

मग मी क्लार्क भाऊसाहेबांना जुना हजेरीपट आणि जनरल रजिस्टर काढायला लावलं. त्यांनी धूळ झटकून, कुरकुर न करता काढून दिलं, त्यांचे आभार. जून १९९५ मध्ये दहावीच्या हजेरीपटावर ६१ जण होते. १ ते ३८ मुलगे, ३९ ते ६१ मुली. मार्चच्या परीक्षेला बसले ५९. पास झाले ३४. उरलेले २७ जण आपल्या कुठल्याच यादीत नव्हते. मागच्या दोन मेळाव्यांची निमंत्रणंही त्यांना गेली नव्हती. कुणी मुद्दाम वगळलं नाही. यादी पास झालेल्यांची होती, एवढंच.

आमचा निरोप समारंभ झाला तेव्हा हे एकसष्टपैकी साठ जण हजर होते. नववीच्या मुलांनी पताका लावल्या होत्या, प्रत्येकाला एक गुलाबाचं फूल आणि कागदाच्या पुडीत चिवडा-जिलेबी होती. आम्ही वर्गणी काढून शाळेला भिंतीवरचं घड्याळ दिलं. भाषणं करणाऱ्या सगळ्यांनी 'जड अंतःकरणाने' हा शब्द वापरला, कारण सरांनी लिहून दिलेल्या भाषणात तो होता. मुली रडल्या, मुलगे हसले आणि विहिरीपलीकडे जाऊन तेही रडले. विट्याहून फोटोग्राफर आला, त्यानं तीन रांगा करून फोटो काढला. तो फोटो आज मागच्या भिंतीवर मोठा करून लावला आहे. आपला वर्ग पूर्ण दिसतो असा तो शेवटचा पुरावा आहे.

त्या दिवशी आपण शाळेचा निरोप घेतला. एकमेकांपासून तुटलो ते जूनमध्ये, निकालाच्या दिवशी. पास झालेले ऑफिससमोर पेढे वाटत होते आणि बाकीचे हळूहळू मागच्या फाटकानं निघून गेले. त्यांच्यासाठी कुणी भाषण केलं नाही, फूल दिलं नाही. 'शाळा सोडल्याचा दाखला' न्यायलासुद्धा कित्येक जण आले नाहीत. रजिस्टरमध्ये मी त्यांच्या नोंदी पाहिल्या. 'वर्तणूक' या रकान्यात सगळ्यांच्या नावापुढे एकच शब्द आहे, 'चांगली'.

आता कुणी म्हणेल, अभ्यास केला नाही, नापास झाले. मी त्या निकालाचे गुण ओळीनं पाहिले. पंचवीसपैकी अठरा जण फक्त एका विषयात गेले होते, आणि त्यांतले बहुतेक इंग्रजीत. आपल्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्यात आठवीचं अर्धं वर्ष आपल्याला इंग्रजीला शिक्षकच नव्हता. ज्यांच्या घरी कुणी शिकलेलं होतं त्यांनी ते अर्धं वर्ष घरी भरून काढलं. माझे वडील रोज संध्याकाळी शब्द पाठ करून घ्यायचे. ज्यांची आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची, त्या मुली त्या वेळात धाकटी भावंडं सांभाळत होत्या. परीक्षा सगळ्यांची एकच होती, तयारीला मिळालेले तास सारखे नव्हते.

तर मी या २७ जणांना शोधायला लागले. आपल्या खानापूर-आटपाडी भागातला माणूस शोधायचा म्हणजे सांगली जिल्ह्यात शोधून भागत नाही. आपला माणूस गलाईच्या धंद्यामुळे देशातल्या कुठल्याही सराफ बाजारात सापडतो. एका गलाईवाल्यानं दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याचा, आणि असे चार जण मिळाले. काहींनी स्वतःबद्दल सांगायला परवानगी दिली आहे. नावं मात्र मी घेणार नाही, हजेरी नंबर सांगते. वर्गातल्यांना तेवढं पुरेल.

हजेरी नंबर १२. इंग्रजीत ३१ गुण, म्हणजे चार गुणांनी गेला. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं ठरलं होतं, पण त्याआधीच मामा त्याला कोइमतूरला घेऊन गेले. सहा वर्षं भट्टीपुढे बसला. आज स्वतःचं दुकान आहे, हाताखाली तिघं आहेत. तमिळ घरच्यासारखी बोलतो, मल्याळम कामापुरती. सोन्याचा कस नुसता पाहून सांगतो आणि मग तपासून खात्री करतो. मी निमंत्रण दिलं तर क्षणभर थांबला आणि म्हणाला, 'मी आलेलं चालेल का? मी पास नाही ना.' पंचेचाळिशीचा माणूस, दोन मुलं कॉलेजात, आणि शाळेत यायला परवानगी मागतो. तो आज आला आहे. दोन रात्रींचा प्रवास करून आला आहे.

हजेरी नंबर ५४. फोटोत नसलेली एकसष्टावी ती. दहावीच्या दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. मुलीच्या लग्नाला १८ वर्षांची अट कायद्यात तेव्हाही होती, पण मांडवात कुणी वय विचारलं नाही. पुढे ती अंगणवाडीत मदतनीस झाली. सेविका व्हायचं तर त्या वेळी दहावी पास लागायची. तिनं १७ नंबरचा फॉर्म भरला आणि २०१२ साली, मुलगा दहावीला बसला त्याच वर्षी, तीही बसली. दोघं पास झाले. मुलाला जास्त गुण पडले, ते तिनंच मला आधी सांगितलं.

हजेरी नंबर ४७ ऑक्टोबरच्या परीक्षेत पास झाली होती. तरी आपल्या यादीत नव्हती, कारण कागद मार्चचा होता. सव्वीस किलोमीटरवर राहते, नवऱ्याबरोबर यंत्रमाग चालवते. एकोणतीस वर्षांत आपल्यापैकी कुणाचा तिला फोन गेला नव्हता.

आणि हजेरी नंबर २९. त्यानं मला पूर्ण वेळ 'मॅडम' म्हटलं. एका बाकाच्या अंतरावर बसणारा मुलगा. म्हणाला, 'मॅडम, तुमच्या गेट-टुगेदरचे फोटो बघतो मी स्टेटसला. छान असतात. पण मला बोलावू नका. माझं नावपण छापू नका.' मी कारण विचारलं नाही. त्याचं नाव स्मरणिकेत छापलेलं नाही. त्याची जागा रिकामी सोडली आहे, क्रमांक पुढे ढकललेला नाही.

सत्तावीसपैकी वीस जणांचा पत्ता लागला. दोघं आता हयात नाहीत. तिघांनी येणार नाही म्हणून सांगितलं. चौघं लांब आहेत, त्यांना सुट्टी मिळाली नाही. अकरा जण आज या मांडवात बसले आहेत. मी त्यांना उभं राहायला सांगणार नाही. उभं राहायला सांगायचं तर आपण सगळेच उभे राहू, कारण आज आपण एका हजेरीपटावरचे म्हणून जमलो आहोत.

आता यंदाच्या मुलांशी थोडं बोलते.

तुमच्या आणि आमच्या परीक्षेत फार फरक पडला आहे. मार्च २०२४ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ९५.८१ टक्के लागला. ही चांगली गोष्ट आहे. पण तिची एक बाजू तुम्हाला माहीत असावी. आमच्या वर्गात नापास झालेले पंचवीस होते, ते निदान एकमेकांच्या सोबतीनं मागच्या फाटकातून गेले. तुमच्या वर्गात असे दोन-तीनच असतील, कदाचित एकच. त्याला निकाल मोबाइलवर कळेल, तो खोलीचं दार लावून घेईल, आणि बाकीचे त्याच क्षणी एकमेकांना टक्के विचारत असतील. नापास होणारे कमी झाले, तसा नापास होणारा जास्त एकटा पडला आहे.

तुमच्यामागे २०२१ च्या बॅचचे ताई-दादा बसले आहेत. कोरोनामुळे त्या वर्षी दहावीची परीक्षाच रद्द झाली. नववीचे गुण आणि दहावीचं अंतर्गत मूल्यमापन धरून निकाल लावला आणि राज्यात ९९.९५ टक्के मुलं पास झाली. त्याआधीच्या बॅचचा फक्त भूगोलाचा पेपर राहिला होता, त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीनं दिले. २०२१ च्या मुलांना निरोप समारंभही मिळाला नाही, म्हणून आज त्यांच्याही हातात फूल दिलं आहे. त्यांच्यात एका विषयात गेली असती अशी मुलं नव्हती का? असणारच. ती पुढच्या वर्गात बसली, शिकली, काही आज इंजिनिअरिंगला आहेत, काही नर्सिंगला. आमच्या बारा नंबरला चार गुण कमी पडले आणि दार बंद झालं. परीक्षा नको असं मी म्हणत नाही. मी स्वतः परीक्षा देत देतच इंजिनिअर झाले. पण ३१ आणि ३५ मध्ये माणसाचं मोल बदलत नाही, हे तुम्ही आताच, हॉल तिकीट हातात पडायच्या आधी, ठरवून ठेवा.

आणि एक काम सांगते. निकालाच्या दिवशी संध्याकाळी, तुमच्या वर्गातलं जे कुणी राहिलं असेल त्याच्या घरी दोघं-तिघं मिळून जा. पेढे नेऊ नका. 'पुढच्या वेळी होईल' असलं काही बोलायची गरज नाही. नुसते जाऊन बसा, चहा घ्या. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर शाळेत या आणि पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरा. आमच्या वेळी ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागायचं, आणि तेवढ्या काळात घरचे कामाला लावायचे नाहीतर लग्न ठरवायचे. आता ती परीक्षा जून-जुलैमध्येच होते. वर्ष वाचतं. पण फॉर्मची मुदत थोडी असते, आणि त्या दिवसांत त्या मुलाला घराबाहेर पडायचं नसतं. तेवढे चार दिवस कुणी सोबत असलं की पुरतं.

आमच्या बॅचनं यंदा शाळेला घड्याळ किंवा कपाट द्यायचं नाही असं ठरवलं आहे. त्याऐवजी एक निधी ठेवला आहे. पुरवणी परीक्षेला बसणाऱ्या किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणाऱ्या, या गावातल्या आणि वाड्यावस्त्यांवरच्या कुणाचीही फी त्यातून भरली जाईल. वय विचारलं जाणार नाही. ५४ नंबरच्या ताईंनी या निधीचं काम बघायचं कबूल केलं आहे. फॉर्म कसा भरतात हे आमच्या सगळ्यांत त्यांनाच नीट माहीत आहे.

स्मरणिकेत आमच्या वर्गाची यादी हजेरी नंबरप्रमाणे छापली आहे. पुढे टक्के नाहीत, हुद्दे नाहीत. पुढच्या बॅचनीही अशीच करावी, अशी माझी विनंती आहे. रजिस्टर भाऊसाहेबांकडे आहे.

यादीची एक प्रत मागच्या टेबलावर, फोटोखाली ठेवली आहे. शेजारी पेन आहे. सात नावांपुढे अजून पत्ता नाही : ३, १७, ३३, ४०, ४४, ५१ आणि ६०. कुणाला काही माहीत असेल, माहेरचं गाव, भावाचा नंबर, काहीही, तर जेवायला जाण्याआधी तेवढं लिहून जा.