कोणी पाहिलं नव्हतं



“सध्या काय करतोस?” असं सकाळपासून सगळ्यांनी विचारलं. बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये टेक्निशियन होतो, आता त्याच कामाच्या मुलांना शिकवतो.

नववीत बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली दह्याचा थेंब दाखवला होता, आठवतो? ते जिवाणू उकळत्या पाण्यात मरतात. पण काही जातींचे जिवाणू जाड कवचाचे बीजाणू होऊन बसतात आणि १०० अंशांना दाद देत नाहीत. म्हणून आमचा ऑटोक्लेव्ह, म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. दाबाखालची वाफ, १२१ अंश, किमान १५ मिनिटं. आत कपडे ठासून भरले तर वाफ मधोमध पोचत नाही. गठ्ठ्यावरच्या टेपवर काळे पट्टे उमटतात, पण त्यातून गठ्ठा तापला एवढंच कळतं. म्हणून अधूनमधून चिवट बीजाणूंची कुपी आत ठेवतात, मग ती उबवून बघतात. काही वाढलं नाही तरच भरवसा.

यंत्राची परीक्षा अशी घेता येते. माणसाची कशी घेणार?

नोकरीच्या पहिल्या वर्षी रात्री अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं. साहित्य मांडताना माझी बाही दिव्याच्या दांड्याला लागली. नियम सोपा, निर्जंतुक नसलेल्या वस्तूला लागलं की गाऊन-ग्लोव्ह बदलायचे. कोणी पाहिलं नव्हतं. सर्जन घाईत होते. मी गप्प राहिलो.

पेशंटला काही झालं नाही. पण टाके निघेपर्यंत मी रोज ड्युटी संपल्यावर वॉर्डात जाऊन त्याचा केसपेपर बघायचो. ताप ९९ दिसला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. त्याच्या बायकोला वाटायचं, किती काळजी घेतो हा मुलगा! (हे मी आजवर घरीही सांगितलेलं नाही.)

आता वर्गात हा प्रसंग सांगतो आणि त्याला जोडून दुसराही. दहावीच्या सहामाहीत गणिताच्या सरांची बेरीज चुकून एका मुलाला सहा गुण जास्त पडले होते. तो उठून सरांकडे गेला आणि कमी करून आला. मधल्या सुट्टीत आपण त्याला वेड्यात काढलं, मीही काढलं.

तो आज दुसऱ्या रांगेत बसलाय. नाव न घेता, पण दरवर्षी नव्या बॅचला मी तुझीच गोष्ट सांगतो रे.