साध्या साधनांची दुसरी फळी



मी लखनौहून बोलतोय. सैन्यातून निवृत्त झाल्यावर इथेच राहिलो. आजचा विषय आहे साध्या, नेटशिवाय चालणाऱ्या साधनांचा. आता तुम्ही म्हणाल, हे सांगताय तेही इंटरनेटवरूनच! अगदी खरं आहे. नातवंडांचे चेहरे मी व्हिडिओ कॉलवरच बघतो. त्यामुळे मोबाइल फेकून द्या असं मी मुळीच सांगणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की या सगळ्या सोयींच्या मागे घरात साध्या साधनांची दुसरी फळी उभी असली पाहिजे.

आमच्या लखनौचंच एक उदाहरण देतो. रूमी दरवाजा ओलांडून पुढे गेलात की हुसैनाबादचा घड्याळाचा मनोरा दिसतो. इथले लोक त्याला घंटाघर म्हणतात. लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉर्ज कूपर यांच्या आगमनानिमित्त १८८०च्या दशकात हा मनोरा उभा राहिला. उंची २२१ फूट. तबकडी बारा पाकळ्यांच्या फुलासारखी, आणि आतला लंबक १४ फूट लांब! एवढा लांब लंबक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला साधारण दोन सेकंद घेतो. त्याच्या त्या संथ झोक्यावर सगळं यंत्र चालतं. ना वीज, ना सिग्नल.

हे घड्याळ १९८४ साली बंद पडलं आणि २०११ साली पुन्हा सुरू झालं. मध्ये २७ वर्षं गेली. विचार करा, २७ वर्षं बंद पडलेला मोबाइल आज कोणी सुरू करून देईल का? त्याचं सॉफ्टवेअर गेलेलं, सुटे भागही बाजारातून गेलेले. घंटाघराचं तसं झालं नाही. त्याची दातेरी चाकं डोळ्यांनी दिसतात. कोणतं चाक कोणाला फिरवतं हे उभं राहून बघता येतं. जो भाग नाही तो मोजमाप घेऊन नव्याने घडवता येतो. म्हणून या शहरातल्या जाणकार माणसांनी खटपट केली आणि घड्याळ चालू झालं.

साध्या यंत्राचं मोल मला इथे दिसतं. जुनं ते सोनं म्हणून ते मोलाचं असं मी म्हणत नाही. जुन्यातलं पुष्कळसं गैरसोयीचंच होतं. पण साधं यंत्र बिघडलं की कुठे बिघडलं ते कळतं, आणि दुरुस्ती आपल्या हातात राहते.

सैन्यात आम्ही हे रोज बघायचो. आमचा फील्ड टेलिफोन म्हणजे दोन तारा, आतमध्ये सेल आणि बाजूला एक हँडल. हँडल फिरवलं की पलीकडे घंटी वाजायची. बोलणं बंद झालं तर जवान तार हातात धरून चालत निघायचा आणि जिथे ती तुटलीय तिथे जोडून यायचा. वायरलेस होता, तरीही तार टाकली जायची. कारण वायरलेसवर बोललात की शत्रू तुमची जागा शोधू शकतो. आणि तारही तुटली, तर चिठ्ठी घेऊन धावणारा माणूस तयार असायचा. एकाच साधनावर सगळी भिस्त ठेवायची नाही, हा नियम नव्या रंगरुटालाही पाठ असायचा.

नागरी जीवनात मात्र आपण हळूहळू सगळं एकाच खुंटीला टांगलंय. पैसे, पत्ते, नंबर, तिकिटं, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं त्या एका फोनमध्ये. डिसेंबर २०१९ मध्ये लखनौत काही दिवस मोबाइल इंटरनेट बंद होतं. ते का बंद केलं, योग्य की अयोग्य, यात मी आज शिरत नाही. पण ज्याच्या खिशात रोख पैसे नव्हते आणि ज्याला अॅपशिवाय गाडी बोलवायची सवय राहिली नव्हती, त्याची पंचाईत झाली.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख संगणक एकदम ठप्प झाले. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कागद आणि पेन! विमानं उडाली ती या दुसऱ्या फळीच्या जोरावर.

२६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीतही असंच झालं. पोर्ट ब्लेअरचे फोन बंद पडले, तेव्हा योगायोगाने तिथे आलेल्या हौशी रेडिओचालकांनी आपल्या संचावरून मुख्य भूमीशी संपर्क साधला. कितीतरी घरांना आपली माणसं सुखरूप असल्याचं त्यांच्यामुळे कळलं.

आणखी एक गोष्ट. साधं यंत्र एकच काम करतं आणि आपल्याला मोकळं सोडतं. भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघितली की वेळच कळते. मोबाइलवर वेळ बघायला जावं, तर अर्धा तास जातो आणि किती वाजले ते पुन्हा बघावं लागतं!

मग करायचं काय? फार काही नाही. घरातल्या तीन माणसांचे नंबर तोंडपाठ करा. जवळचा दवाखाना, डॉक्टर, शेजारी यांचे नंबर जाड अक्षरात कागदावर लिहा. कोणाला कोणतं औषध चालू आहे, कशाची अॅलर्जी आहे, तेही लिहा. थोडी रोख रक्कम, सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर, एक टॉर्च आणि जादा सेल एका जागी ठेवा. आणि महिन्यातून एकदा ते सगळं चालतंय ना, हे तपासा. न तपासलेली राखीव कुमक ऐनवेळी कामाला येत नाही.

येत्या रविवारी तासभर काढा. मुलांना, नातवंडांना सोबत घेऊन हे काम उरका. तो कागद कुठे ठेवलाय हे घरातल्या प्रत्येकाला, अगदी कामाला येणाऱ्या ताईंनाही, सांगून ठेवा. कारण तुम्हीच आजारी पडलात, तर तो कागद शोधायचाय त्यांनाच.

नमस्कार. जय हिंद!