बिबट्यांची गणती आणि गणिताचा खर्च



जुन्नर आणि आंबेगांव तालुक्यांत धरणांच्या पाण्याबरोबर उंसाचे फड वाढले आणि त्या फडांत बिबट्यानें बिऱ्हाड केलें. दाट आडोसा, शेजारीं कुत्रीं आणि शेळ्या. त्याला आणखी काय हवें? पण माणसांवर हल्ले होऊं लागले, तेव्हां धरलेलीं जनावरें दूर रानांत नेऊन सोडण्यांत आलीं.

या उपायाचें फळ मोजलें तें विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें जुन्नर भागांत पूर्वीं वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. स्थलांतर सुरूं झाल्यावर ते १७ झाले, आणि त्यांतील प्राणघातक हल्ल्यांचें प्रमाण शेंकडा १८ वरून ३६ वर गेलें. मोजल्यावांचून हें कळलें नसतें.

मोजणीची युक्ति तशी सोपी आहे. प्रत्येक बिबट्याचे ठिपके निराळे. समजा, कॅमेऱ्यांत प्रथम २० बिबटे टिपले. दुसऱ्या खेपेस पुन्हां २० आले आणि त्यांतले ८ ओळखीचे निघाले. मग एकूण संख्या २० गुणिले २० भागिले ८, म्हणजे अदमासें ५०. परंतु बिबटे म्हणजे पिशवींतल्या गोट्या नव्हेत! कोणी कॅमेऱ्यास बुजतो, कोणाचा फेरा मोठा असतो. येथें खरा गणिती लागतो.

आणि येथेंच पैशाचें घोडें अडतें. गणिताचे परीक्षक विचारतात, यांत नवा सिद्धांत कोठें आहे? जीवशास्त्राचे विचारतात, एवढीं समीकरणें कशाला? पुण्यांत गणित शिकविणाऱ्या दामोदर कोसंबींनीं १९४४ सालीं गुणसूत्रावरील जनुकांचें अंतर काढण्याचें सूत्र दिलें. तें अजून वापरांत आहे. (हेच कोसंबी पुढें जुन्नरच्या लेण्यांतून इतिहास शोधीत हिंडले.) त्यांचें काम कागद-पेन्सिलीवर भागलें. कॅमेरे, जीप आणि फडांत रात्रीं हिंडणारीं माणसें तशीं भागत नाहींत.

२०२३ च्या कायद्यानें राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठीं पांच वर्षांत ५०,००० कोटि रुपये योजिले आहेत. त्यांतला कांहीं वांटा गणिती व प्राणिशास्त्रज्ञ यांच्या जोडअर्जांसाठीं वेगळा राखावा, आणि अर्ज तपासणाऱ्या मंडळींतही दोन्ही शास्त्रांचे जाणकार असावेत. मुदतीचाहि विचार व्हावा. मादी पिलांना दीड-दोन वर्षें जवळ वागविते. तीन वर्षांच्या अनुदानांत एक वीण जेमतेम पाहून होते. सहा वर्षें तरी द्यावींत.